रात्रपाळीची पोरं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खानदेशात पत्ते बसतात. बाया-मुली झोक्यावर गाणी म्हणत असतात, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, आमरसाचा बेत असतो, आणि गावातले पुरुष निंबाच्या सावलीत गोणपाट अंथरून डाव मांडतात. पैसे लावून. एरवी तंबाखूलाही हात न लावणारा माणूस त्या दिवशी बसतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. कधी धाड पडते, कधी नाही. लहानपणी आम्ही पोरं मोठ्यांच्या पाठीमागे उभे राहून पानं बघायचो आणि डोळ्यांनी खुणा केल्या म्हणून मार खायचो.

ही मुभा आखाजीपुरती. त्या दिवसापासून सालदाराचं नवं साल सुरू होतं, खरिपाची नांगरट-वखरट डोक्यावर असते. दोन-चार दिवस चाललं की गोणपाट झटकून माणसं उठतात. एखादा उठत नाही, त्याचं घर बुडतं, आणि मग पुढची वीस वर्षं गाव त्याचं उदाहरण देतं. म्हणजे नाद काय असतो हे खानदेशाला कोणी शिकवायची गरज नाही. सारंगखेड्याची यात्रा, तमाशाचा फड, तंबूतला सिनेमा, सगळं आम्ही पाहिलंय. त्या सगळ्याला उठण्याची एक वेळ होती, एवढंच.

मोबाईलला ती वेळ नाही, आणि ती मुद्दाम काढून टाकलेली आहे. पान खाली सरकवत गेलं की पुढचं आपोआप येत राहावं, ही युक्ती एझा रास्किन या अमेरिकी माणसाने २००६मध्ये बनवली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे हळहळ व्यक्त केली, पण तोवर सगळ्या जगाचे अंगठे कामाला लागले होते. पुढचं रील कसं निघेल ते माहीत नसतं. नऊ फालतू निघतात, दहावं भारी निघतं, म्हणून अकरावं बघावंसं वाटतं. पत्त्यांतही हीच गंमत असते. फक्त तिथे पिसणारा कधीतरी कंटाळतो, किंवा त्याची बायको बोलवायला येते.

मी चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने मोबाईल-इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी २०१४मध्ये वेगळं क्लिनिक काढलं, तेव्हा आमच्या वर्गात तो विषयच नव्हता. मुलांच्या घरी बटणांचे फोन होते. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन वर्गासाठी घरोघर स्मार्टफोन आले. कोणी बकरी विकली, कोणी कापसाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉक आणि सप्टेंबरात पबजीवर सरकारने बंदी घातली, आणि पोरं दुसऱ्या ॲपवर, दुसऱ्या गेमवर गेली. दोन बंद्यांच्या मधे त्यांना फार त्रास झाल्याचं मला काही दिसलं नाही.

आता पालकसभेत, पारावर, सप्ताहातल्या कीर्तनात एकच ऐकू येतं: मोबाईलने पोरं वाया गेली. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. पोरगं मोबाईल किती वाजता धरतं आणि त्या वेळी घरात दुसरं कोण जागं असतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

एका मुलाबद्दल सांगतो. त्याला भैय्या म्हणू. खानदेशात दर दोन घरांआड एक भैय्या असतोच, त्यामुळे तो कोणाला ओळखू यायचा नाही. नववीपर्यंत कबड्डीत पुढे, अभ्यासात मध्यम, तोंडाने चुरूचुरू. दहावीत त्याचं शाळेत येणं कमी झालं. आला तरी शेवटच्या बाकावर डोकं टेकवून पडलेला. मग एका दुपारी त्याची आई आली आणि स्टाफरूमच्या दारातच उभी राहिली. आत बसा म्हटलं तरी बसेना.

"सर, मना पोऱ्या जेवस नै, बोलस नै. रातभर मोबाईल धरी बठस. त्याना बापले सांगू तं तो मारीच टाकी. तुमीन सांगा त्याले."

सांगून ऐकेल अशी त्या पोराची अवस्था नव्हती. त्याला प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला बोलावलं. हात कामात असले की या वयाची मुलं बोलतात, समोर खुर्चीत बसवून 'बोल, काय झालं' म्हटलं की त्यांची दातखीळ बसते.

वरच्या खोलीत तो आणि त्याचा मोठा भाऊ झोपायचे. ज्या वर्षी केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला आणि उभी बाग उपटून बांधावर फेकावी लागली, त्या वर्षी भाऊ सुरतला गेला. आमच्याकडून पोटासाठी बाहेर पडायचं म्हणजे बहुधा सुरतच. उधन्याला उतरलं की निम्मं खानदेश तिथे भेटतं. जाताना भाऊ जुना मोबाईल याला देऊन गेला. भाऊ मिलमधून रात्री सुटायचा, जेवायचा आणि साडेदहाच्या सुमाराला ऑनलाइन यायचा. मग दोघं एकाच स्क्वाडमध्ये गोळीबाराचा गेम खेळायचे. कानात हेडफोन. "मागे बघ, मागे बघ" करता करता मायचे गुडघे, गाईचं वासरू, बापाने सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं का, असं सगळं बोलून व्हायचं. साध्या फोनवर दोन भाऊ असं बोलत नाहीत. "जेवला का?" "हा." "ठेवू?" एवढ्यात संपतं.

हे ऐकल्यावर त्याच्या हातातला मोबाईल सरळ वाईट ठरवणं मला जड गेलं. पुढे भावाचं लग्न झालं, ड्यूटी बदलली, तो गेमवर येईनासा झाला. भैय्या खेळत राहिला. आता स्क्वाडमध्ये कोण कुठला ते माहीत नाही, सगळे रँक पुश करणारे, एक गोळी चुकली की आईबहिणीवरून शिव्या देणारे. अकराचे एक वाजायला लागले, एकचे तीन.

"मजा येते का रे?" मी विचारलं.

"नाही सर. पण बंद केलं की जास्त बेकार वाटतं."

हे वैद्यकाच्या पुस्तकात यायला बराच काळ गेला. सुरुवात तर थट्टेने झाली. १९९५मध्ये न्यूयॉर्कच्या आयव्हन गोल्डबर्ग या मनोविकारतज्ज्ञाने आजारांच्या जाडजूड यादीची टर उडवायची म्हणून इंटरनेटच्या व्यसनाचा एक काल्पनिक आजार लक्षणांसकट लिहून टाकला. झालं उलटंच, लोकांना ती लक्षणं स्वतःत दिसायला लागली. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो विषय गंभीरपणे मांडला. त्यांची वीस प्रश्नांची चाचणी आजही वापरतात. २०१३मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी फक्त इंटरनेट गेमिंगपुरता एक विकार, तोही 'आणखी अभ्यास हवा' अशा शेऱ्यासह, आपल्या पुस्तकाच्या मागच्या भागात घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यातले निकष वाचण्यासारखे आहेत: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीचं सगळं आयुष्य मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं सुटत नाही, आणि हे साधारण १२ महिने चालू असतं. किती तास, याचा त्यात उल्लेखच नाही. रील्स किंवा यूट्यूबचं व्यसन असा वेगळा आजार त्या यादीत नाही. "सर, आमच्या पोऱ्याला व्यसनच लागलंय" म्हणणाऱ्या बहुतेक पालकांच्या मुलांना हे निकष लागायचे नाहीत. भैय्याला लागत होते.

जळगावला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं म्हटल्यावर बापाने विचारलं, "मना पोऱ्या येडा शे का?" आईला काळजी, की उद्या सोयरीक जुळवताना कोणी हे काढलं तर? पोरगं दहावीत! शेवटी अशक्तपणाची तपासणी म्हणून नेलं. डॉक्टरांनी मोबाईलचं नाव बऱ्याच उशिरा काढलं. झोप किती, भूक कशी, कबड्डी का सोडली, मरावंसं वाटतं का, हे सगळं आधी. बाप त्या शेवटच्या प्रश्नाला खुर्चीतून अर्धा उठला. मुलाने शांतपणे उत्तर दिलं, आणि ते उत्तर ऐकायला बाप तिथे होता हे बरं झालं. उदासी आधी आली की गेम आधी, यावर डॉक्टर म्हणाले की हे शोधत बसू नका. एकट्या पडलेल्या पोराला मोबाईल ओढून घेतो, मोबाईलने झोप जाते, मित्र तुटतात, पोरगं आणखी एकटं पडतं. कुठून तरी तोडायचं, तर झोपेपासून तोडू. काही महिने औषध दिलं, झोपायची वेळ ठरवून दिली, आणि संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर जाऊन बसायला सांगितलं. खेळलं नाही तरी चालेल म्हणाले.

झोपेचं ते बरोबर होतं. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवतं, त्यामुळे पंधरा वर्षांच्या पोराला दहाला झोप येत नाही यात त्याचा आगाऊपणा नसतो. तेरा ते अठरा वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. आमच्या मुलांना उन्हाळ्यात सकाळची शाळा, त्याआधी क्लास. मोबाईल मेंदूचं काय करतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत. तो झोप खातो यावर फारसे नाहीत. आणि सतत जागणाऱ्या मुलाची लक्षणं, म्हणजे चिडचिड, लक्ष न लागणं, कशातच राम न वाटणं, ही उदास मुलाच्या लक्षणांसारखीच दिसतात.

भैय्या आज आयटीआय करतो. गेम सोडलेला नाही, रविवारी खेळतो म्हणे. मी खोलात विचारत नाही.

ज्यांना जळगाव गाठणं जमत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून आहे आणि मराठीत बोलता येतं. शाळेच्या भिंतीवर तो मी ठळक रंगात लिहून घेतला. आठवड्याच्या आत त्याच्याखाली कोणीतरी स्वतःच्या रिचार्जच्या दुकानाचा नंबर लिहिला.

मुलींचं मात्र सगळं वेगळं चालतं. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यात ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी १९.८ टक्के मुलींकडे. आमच्या वर्गातल्या मुली आईचा फोन दुपारी वापरतात, वापरून झाला की सगळं पुसून टाकतात. मुलीच्या हातात मोबाईल दिसला की गावाला अभ्यासाची नाही, अब्रूची काळजी लागते. एका मुलीने अहिराणी गाण्यावर साधं रील टाकलं. गावातल्याच पोरांनी ते उचलून त्याच्यावर घाणेरडा मजकूर लिहून स्टेटसला ठेवलं. ती शाळेत येईना, जेवेना, आणि घरी 'पाहुणे बघायचं' बोलणं सुरू झालं. ती मुलगी दिवसाकाठी अर्धा तासही मोबाईल बघत नसेल. तिच्या दुःखावर स्क्रीन टाइमचा कोणता नियम लावणार? आणि ज्यांनी स्टेटस ठेवलं ती पोरं मोबाईलच्या आहारी गेली आहेत, अशी तक्रार त्यांच्या आईबापांनी तेव्हाही केली नाही.

म्हणूनच तासांच्या हिशेबावर माझा फार विश्वास नाही. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या दोघांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती चाळली. मुलामुलांच्या मनःस्थितीत जो फरक असतो, त्यातला फार तर ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जुळतो, असं निघालं. नेमाने बटाटे खाण्याशीही जवळपास तेवढाच जुळला. आमच्याकडे ही पाहणी झाली असती तर बटाट्याच्या जागी भरताचं वांगं असतं. जोनाथन हाइट यांच्यासारखे अमेरिकेतले अभ्यासक याच्या विरुद्ध बाजूला आहेत. पोरांच्या मानसिक हालांचं खापर ते स्मार्टफोन आणि सोशल मीडियावरच फोडतात. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खातीच बंद केली. मी विज्ञानाचा मास्तर, आकड्यांचा आदर करतो. पण लाखो मुलांच्या सरासरीत भैय्या दिसत नाही, आणि एकट्या भैय्यावरून लाखो मुलांचं ठरवता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवून पालकसभेत बोलायचं म्हणजे तारेवरची कसरत असते, कारण पालकांना हवं असतं एकच उत्तर: फोडून टाकू का?

त्यात बोलणाऱ्या बापांचंही आपापलं काही असतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने २०२५च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली. तोवर पोरांना शिव्या घालणारे काही जण स्वतः विहिरीवर बसून रात्री रमी खेळत होते. बाराही महिने आखाजी. कापसाचे पैसे कुठे गेले हे बायकोला पुढच्या हंगामात कळायचं.

अमळनेर आमच्यापासून लांब नाही. तिथल्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात १९२०च्या दशकात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. घर सोडून आलेली, रात्री आईच्या आठवणीने रडणारी पोरं, आणि त्यांच्यासाठी रोज सकाळी नवं पान. रोज काय नवीन आलं म्हणून तीही धावत जात असतील. पण लिहिणारा माणूस त्याच इमारतीत राहत होता, आणि कोण काल जेवला नाही हे त्याला माहीत असे. हे जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही; त्या काळात किती मुलींना छात्रालय मिळालं हे विचारलं की कौतुक तिथेच संपतं.

तर मागच्या पालकसभेत सरपंचांनी विषय काढला सांगलीच्या मोहित्यांच्या वडगावचा. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाईल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. "आपल्या मंदिरावर भोंगा आहेच," सरपंच म्हणाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक आजी, नातवाच्या सभेला आलेली, तोंडातला पदर काढून म्हणाली, "सातले वाजाडा, आठले वाजाडा. रातले बाराले कोन वाजाडी?"

सगळे हसले, पण म्हातारीने नेमकं ठेवणीतलं काढलं होतं. संध्याकाळी सातला आमच्या गावात घर भरलेलं असतं, मोबाईल असला तरी चार माणसांत असतो. घोळ पुढे होतो. शेतीची लाईट पाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की बाप बॅटरी-काठी घेऊन मळ्यात जातो. ठिबक असलं तरी फ्यूज उडतो, नळ्या उंदीर कुरतडतात, माणूस लागतोच. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचं भय, म्हणून एकटं जाता येत नाही. बऱ्याच घरांतून नवरा-बायको दोघं जातात. मागे म्हातारी माणसं नऊला झोपतात. जागं राहतं एकटं पोरगं. पहिल्या तासाला किती माना पेंगतात यावरून सध्या कोणती पाळी चालू आहे हे मी वायरमनला न विचारता सांगू शकतो.

मग सूचना सुरू झाल्या. पोराला मळ्यात घेऊन जा. दहावीचं पोरगं रात्री मळ्यात? सगळे मोबाईल दहाला आजीच्या उशाशी ठेवा. एक नाना म्हणाले की मोटारीचा ऑटो मोबाईलवर चालतो, रिंग दिली की मोटार सुरू होते, तो फोन घरी कसा ठेवणार? तो नेऊ द्या, दुसरा ठेवा. दुसऱ्याला लॉक आहे, पासवर्ड पोरालाच माहीत. ज्यांच्याकडे सोलर पंप बसलाय ते गप्प होते, त्यांची रात्रपाळी सुटलीय. शेवटी एक जिभाऊ उठले आणि म्हणाले, मास्तर, भोंगा राहू द्या, तुम्ही अर्ज लिहा. लाईट दिवसाची करून मागा.

अर्ज मीच लिहिला. पालकांच्या सह्या, दोन-तीन आजींचे अंगठे, वर शाळेचा शिक्का. विषय: विद्यार्थ्यांच्या झोपेच्या दृष्टीने शेतीचा वीजपुरवठा दिवसा करणेबाबत. तालुक्याच्या वीज कार्यालयातल्या बाबूने तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "सर, हा शिक्षण विभागाचा अर्ज आमच्याकडे कसा आला?" मी म्हटलं, तुम्ही आवकचा शिक्का तर मारा. त्याने मारला. मग त्यानेच खुर्ची पुढे ओढून विचारलं, त्याचा मुलगा अकरावीला आहे, त्या जळगावच्या डॉक्टरांकडे कोणत्या वारी गेलं तर गर्दी कमी असते.